वर्कशॉप आणि गॅरेजसाठी धातूच्या स्विच प्लेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉलमधली प्लेट निवडताना भिंतीच्या रंगाशी जुळते का, एवढं बघितलं तरी भागतं. वर्कशॉपमध्ये तिच्यावर पाना आपटणार, ग्राइंडरच्या ठिणग्या उडणार, ग्रीसचे हात लागणार आणि पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल येणार. खालचे प्रश्न बंगल्याच्या खालचं गॅरेज, दुचाकी दुरुस्तीचं दुकान, फॅब्रिकेशनची शेड आणि छोटं लेथ वर्कशॉप अशा जागांपुरते आहेत. मोठ्या कारखान्यांच्या पॅनेलचा विषय वेगळा.

धातूचीच प्लेट हवी का? चांगल्या प्लॅस्टिकची नाही चालत?

कोरड्या, नीटनेटक्या गॅरेजमध्ये, जिथे फक्त गाडी उभी राहते आणि महिन्यातून एकदा हवा भरायचा पंप लागतो, तिथे पॉलिकार्बोनेटची प्लेट उत्तम चालते. उगाच खर्च करू नका.

काम सुरू झालं की गणित बदलतं. पॉलिकार्बोनेट मार चांगला सोसतं, पण पेट्रोल, थिनर आणि अ‍ॅसिटोन त्याचे वैरी आहेत. थिनरच्या बोळ्याने दोन-चार वेळा पुसलेल्या प्लेटला स्क्रूच्या भोवती बारीक तडे जातात. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी तिच्यावर काळे खड्डे पडतात. धातूला यातलं काही होत नाही. धातूची अडचण एकच आहे, पण मोठी आहे. प्लॅस्टिकची प्लेट तडकली तर दिसते, धातूच्या प्लेटला करंट आला तर दिसत नाही. म्हणून या पानावर धातूपेक्षा अर्थिंगबद्दल जास्त लिहिलेलं सापडेल.

पाकिटावर ‘मेटॅलिक फिनिश’ लिहिलंय. म्हणजे धातूचीच ना?

बहुतेक वेळा नाही. तो प्लॅस्टिकवर दिलेला चंदेरी किंवा करडा रंग असतो. प्लेट उलटी करून बघा. मागची बाजू पांढरी किंवा काळी, बरगड्या काढलेली असेल तर ते प्लॅस्टिक आहे. तिसरा प्रकार म्हणजे प्लॅस्टिकच्या फ्रेमवर चिकटवलेली अ‍ॅल्युमिनियमची पातळ पत्री. ती शोभेला आहे. हातोडी लागली की पोचा पडतो आणि कडेने सुटायला लागते.

मग कोणता धातू घ्यावा?

बाजारात प्रत्यक्षात चार-पाचच पर्याय मिळतात.

साधा पत्रा, म्हणजे सीआरसीए, त्यावर पावडर कोटिंग. सगळ्यात जास्त खपणारा आणि कोरड्या भागात माझ्या मते सगळ्यात व्यवहारी पर्याय. भोसरी किंवा सातपूरच्या कुठल्याही शेडमध्ये भिंतीवर बहुधा हाच दिसेल. याची कमजोरी ओरखड्यात आहे. कोटिंग एका जागी उडालं की गंज तिथेच थांबत नाही, कोटिंगखालून पसरत जातो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. ओरखडा दिसला की लगेच प्राइमर मारा.

जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा. भिंतीत गाडायच्या बॉक्ससाठी हाच घ्या. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, त्यामुळे बारीक ओरखड्याने लगेच गंज चढत नाही. दिसायला ओबडधोबड आहे, पण वर्कशॉपला कुठे पाहुणे येणार आहेत!

स्टेनलेस स्टील. जिथे रोज पुसावं लागतं, पाणी उडतं, वॉशिंग रॅम्प जवळ आहे, तिथे पैसे वसूल.

डायकास्ट अ‍ॅल्युमिनियम. पत्र्यापेक्षा जाड, हलकं, आणि रबरी गॅस्केटसह येत असल्याने उघड्या शेडसाठी चांगलं. मात्र ओल्या सिमेंटचा अल्क अ‍ॅल्युमिनियमला खातो, म्हणून प्लास्टर पूर्ण वाळल्यावरच बसवा. स्क्रू पितळी नकोत. दमट हवेत दोन धातूंच्या जोडीला पांढरी पूड धरते आणि चार वर्षांनी स्क्रू फिरतच नाही.

पितळ. जुन्या गिरण्यांतली पितळी बोर्डं बघून मोह होतो. टिकतं, पण काळं पडतं आणि महाग आहे. हौस असेल तर घ्या, कामासाठी म्हणून घेऊ नका.

लोहचुंबक चिकटलं नाही, म्हणजे एसएस ३०४ आहे ना?

एवढ्यावर सांगता येत नाही. चिकटलं तर तो ४३० सारखा कमी प्रतीचा प्रकार किंवा निकेल चढवलेलं साधं लोखंड असू शकतं, एवढं कळतं. पण २०२ नावाचा स्वस्त प्रकारही चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज भरलेलं असतं. दोन्ही नव्या कोऱ्या असताना सारख्याच चमकतात. फरक दोन पावसाळ्यांनी दिसतो. दुकानदाराला बिलावर ग्रेड लिहून मागा. लिहायला तो का-कू करायला लागला की उत्तर मिळालंच.

आमचं गॅरेज मालवणला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. काय टिकेल?

खाऱ्या हवेतले क्लोराइड ३०४ ला सुद्धा सोडत नाहीत, त्यावर चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके येतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते हा मारा बराच थोपवतं. पण ३१६ ची स्विच प्लेट सहज मिळत नाही आणि मिळाली तर किंमत ऐकून घाम फुटतो. खरं सांगायचं तर किनाऱ्यावर मी धातूचा हट्ट धरणार नाही. रत्नागिरी, वेंगुर्ला, उरण अशा ठिकाणी जाड पॉलिकार्बोनेटचा गॅस्केटवाला बॉक्स लावा आणि जिथे मार बसणारच आहे तेवढ्या एक-दोन जागी अ‍ॅल्युमिनियम किंवा ३०४ चा बॉक्स ठेवा, गोड्या पाण्याच्या फडक्याने अधूनमधून पुसा.

पत्रा किती जाड हवा?

दुकानात गेज सांगतात आणि गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिमी, १८ म्हणजे १.२, १६ म्हणजे १.६. भिंतीला सपाट टेकलेल्या छोट्या प्लेटला २० पुरतो. बारा मॉड्यूलची, म्हणजे बारा स्विचांच्या जागेची लांब प्लेट किंवा भिंतीबाहेर आलेला बॉक्स असेल तर १८ घ्या. अंगठ्याने मधोमध दाबून बघा. प्लेट आत दबली तर मागे ठेवा. ती दबेल तेव्हा मागे जिवंत टर्मिनल असणार आहेत.

अर्थिंगची वायर बॉक्सला जोडलेली आहे. प्लेटला वेगळी लागते का?

लागते किंवा लागत नाही, हे प्लेट बॉक्सला कशी टेकते त्यावर आहे. इथे घाईत उत्तर देण्यासारखं नाही, म्हणून जरा सविस्तर.

आतली एखादी फेजची वायर सैल झाली, इन्सुलेशन सोललं आणि ती प्लेटला टेकली, की पूर्ण प्लेट २३० व्होल्टवर जाते. हे होऊ नये म्हणून प्लेट अर्थला जोडायची. पण पावडर कोटिंग हे स्वतःच इन्सुलेशन आहे. कोटिंग केलेला बॉक्स, त्यावर कोटिंग केलेली प्लेट, मध्ये दोन स्क्रू, ही जोडणी नशिबावर सोडल्यासारखी. म्हणून प्लेटच्या मागे अर्थचा स्टड किंवा स्क्रू असलेलीच प्लेट घ्या, त्याला हिरवी वायर थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं कडं) लावून जोडा आणि थिंबलखाली दातेरी वॉशर घाला. त्याचे दात कोटिंग खरवडून धातूपर्यंत जातात. झाकण उघडझाप होणारं असेल तर बॉक्सपासून झाकणापर्यंत लवचीक वायर वेगळी हवीच, बिजागरीवर भिस्त ठेवू नका. मॉड्युलर फ्रेम प्लॅस्टिकची आणि वरची प्लेट खऱ्या धातूची असेल तर हा धागा बहुधा तुटलेलाच असतो, तिथे हमखास तपासा.

आता पुढचा भाग, जो बहुतेकांना माहीत नसतो. नुसत्या अर्थिंगने एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, लगेच पडेल असं नाही. सोळा अँपिअरची ‘सी’ प्रकारची एमसीबी क्षणात पडायला साधारण ८० ते १६० अँपिअर लागतात. १६० अँपिअर वाहायचे तर २३० भागिले १६०, म्हणजे पूर्ण वाटेचा रोध दीड ओहमच्या आत हवा. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी अर्थिंग म्हणजे आवारातला स्वतःचा खड्डा. तो खड्डा चांगला, ५ ओहमचा आहे असं धरा. करंट वाहील जास्तीत जास्त ४६ अँपिअर. तेवढ्यावर एमसीबी गरम होऊन पडायला कित्येक सेकंद घेते आणि तोपर्यंत प्लेट जिवंत असते. मे महिन्यात काळी माती भेगाळते, खड्डा कोरडा पडतो, आणि हा रोध आणखी वाढतो.

यावर उपाय एकच, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच. तिला ओव्हरलोड कळत नाही, त्यामुळे एमसीबी सोबत लागतेच. पण फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांत फरक पडला की ती सेकंदाच्या काही दशांशातच तोडते, आणि तिला पाच ओहमचा खड्डाही भरपूर झाला. धातूच्या प्लेटचं बजेट आहे पण आरसीसीबीचं नाही, असं असेल तर प्लेट प्लॅस्टिकची घ्या आणि उरलेल्या पैशांत आरसीसीबी लावा.

मल्टिमीटरवर फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्ट येतात. म्हणजे अर्थिंग चांगलं आहे ना?

नाही. मीटर स्वतः इतका कमी करंट घेतो की गंजलेल्या, लटकत्या अर्थवरही तो २३० दाखवतो. त्यावरून वायर कुठेतरी अर्थला टेकली आहे एवढंच कळतं, ती दोषाचा करंट वाहू शकेल की नाही ते कळत नाही. मेन बंद करून प्लेटचा उघडा धातू आणि डीबीतली (एमसीबी बसवलेल्या मुख्य डब्यातली) अर्थपट्टी यांच्यात ओहम मोजा. एक ओहमच्या आत आला तर निदान आतली जोडणी शाबूत आहे. खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरनेच मोजावा लागतो. टेस्ट लॅम्प लावून बघायची युक्ती वायरमनवर सोडा. अर्थ खराब असेल तर त्या क्षणी सगळ्या यंत्रांच्या बॉडीला करंट येतो.

वायरमन म्हणाला, अर्थ नाही तर न्यूट्रलवरून लूप देतो. चालेल?

अजिबात नाही. खांबापासून तुमच्या मीटरपर्यंत कुठेही न्यूट्रल तुटली की चालू दिव्यातून, पंख्यातून फिरून फेज थेट प्लेटवर येतो, आणि तोही सगळ्या प्लेटवर एकदम. दुसरा वायरमन बघा.

आयपी ५५, आयपी ६५ वगैरे आकडे कसे वाचायचे?

पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पहिल्या जागी ५ म्हणजे थोडी धूळ शिरली तरी काम अडणार नाही, ६ म्हणजे धूळ शिरणारच नाही. दुसऱ्या जागी ४ म्हणजे सगळीकडून उडणारे शिंतोडे, ५ म्हणजे पाण्याची धार. सुतारकाम किंवा इचलकरंजीसारखा सुताचा फुफाटा असेल तर पहिल्या आकड्याकडे बघा, गाड्या धुवायची जागा असेल तर दुसऱ्याकडे. नेहमीची मॉड्युलर प्लेट, धातूची असली तरी, आयपी २० च्या आसपासच असते. धातू म्हणजे पाणीबंद, हा समज काढून टाका.

आणि हा आकडा बंद झाकणाचा असतो. गॅस्केट काढून टाकलं, खालून वायरसाठी हवं तसं भोक पाडलं, की पाकिटावरचा ६५ पाकिटावरच राहिला. मार किती सोसेल याचा आकडा वेगळा, आयके नावाचा; ०८ म्हणजे ५ ज्यूल, १० म्हणजे २० ज्यूलचा फटका. भारतातल्या साध्या प्लेटवर तो क्वचितच छापलेला दिसतो.

कंप्रेसर आणि वेल्डिंग मशीन लावायचं आहे. धातूच्या प्लेटमधलं १६ अँपिअरचं सॉकेट पुरेल?

प्लेटचा धातू सॉकेटला ताकद देत नाही. २ एचपीचा सिंगल फेज कंप्रेसर चालताना साधारण ११-१२ अँपिअर घेतो, पण सुरू होताना पाच-सहा पट ओढतो. त्याला एसी बॉक्स म्हणून मिळणारा पत्र्याचा डबा, त्यात २० अँपिअरचं सॉकेट आणि मोटरसाठी ‘सी’ प्रकारची एमसीबी, हा सुटसुटीत उपाय आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत याचे ढीग लागलेले असतात.

इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन पूर्ण ताकदीवर २५-३० अँपिअर सहज खाते. तिला इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट द्या: निळं म्हणजे सिंगल फेज, लाल म्हणजे थ्री फेज ४१५ व्होल्ट. वायर त्या हिशेबाने. सॉकेट मोठं आणि मागे जुनीच दीड एमएमची वायर, हे मी बऱ्याच शेडमध्ये बघतो आणि मग प्लेट काळी पडली की दोष प्लेटलाच दिला जातो.

सॉकेट जमिनीपासून किती उंच असावीत?

दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये कमरेच्या वर, साधारण एक ते सव्वा मीटर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत आणि सर्व्हिस पिटमध्ये, म्हणजे गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यात साचते. स्विच पाडताना आत उडणारी ठिणगी तिला पुरते. अमेरिकेच्या वायरिंग नियमांत दुरुस्ती गॅरेजचा जमिनीपासून १८ इंचांपर्यंतचा पट्टा म्हणूनच धोक्याचा धरलेला आहे. एलपीजी सुद्धा खाली बसतो. बॅटरी चार्जिंगचा कोपरा मात्र उलट: तिथे हायड्रोजन निघतो, तो वर जातो आणि पत्र्याखाली अडकतो. सीएनजीचंही तसंच. म्हणून त्या जागी स्विच अगदी छताजवळ नकोत आणि वर हवा जायला वाट हवी. पिटमध्ये सॉकेट देऊच नका.

स्प्रे पेंटिंगच्या खोलीत आयपी ६५ चा धातूचा बॉक्स लावला तर?

चालणार नाही. आयपी ६५ धूळ-पाणी अडवतो, थिनरची वाफ नाही. वाफेच्या जागी फ्लेमप्रूफ बॉक्स लागतात, आत स्फोट झाला तरी ज्वाळा बाहेर येऊ न देणारे. सोपा मार्ग म्हणजे स्विच-सॉकेट खोलीबाहेर आणा. दिव्याचा प्रश्न उरतोच, तो फ्लेमप्रूफच घ्या.

जुना लाकडी बोर्ड आहे. त्यावरच धातूची प्लेट ठोकली तर?

लाकूड ओल धरतं, वाळवी धरते, आणि जुन्या बोर्डात अर्थची वायर बहुधा आलेलीच नसते. धातूची प्लेट लावून तुम्ही आधीपेक्षा जास्त धोका घ्याल. बोर्ड काढा, जीआय बॉक्स बसवा, अर्थ ओढा, मग प्लेट.

बॉक्स बसवताना काय चुकतं?

नॉकआउट, म्हणजे बॉक्सवर वायरसाठी आधीच अर्धवट कापून ठेवलेली चकती, काढून वायर तशीच आत घेतात. पत्र्याची कड ब्लेडसारखी असते आणि कंप्रेसरच्या थरथरीने ती महिन्यामागून महिने वायर कापत राहते. प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट किंवा ग्लँड हवा. केबल शक्यतो खालून आत घ्या, म्हणजे पाणी वायरवरून ओघळून आत येणार नाही. भिंत विटांची असेल तर गिट्टी (स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात घालायची खुंटी) पूर्ण खोल जाऊ द्या. न वापरलेली भोकं बंद करा, नाहीतर पाली आणि कुंभारणी माश्या आत घर करतात. पाल टर्मिनलमध्ये अडकून आरसीसीबी पडल्याच्या तक्रारी पावसाळ्यात नेहमी येतात.

स्टेनलेसच्या नव्या प्लेटवर महिन्यात गंजाचे ठिपके आले. फसवलं का?

कदाचित नाही. जवळ लोखंड ग्राइंड होत असेल तर त्याचे तप्त कण प्लेटवर चिकटतात आणि गंजतात ते कण, प्लेट नव्हे. मेन बंद करा, ओल्या फडक्याने आणि नायलॉनच्या घासणीने काढा. तारेची घासणी वापरलीत तर लोखंडाचे आणखी कण भरवाल. फरशीचं अ‍ॅसिड आणि ब्लीच प्लेटच्या जवळपास आणू नका.

भावाने इंग्लंडहून मेटलक्लॅड, म्हणजे धातूच्या आवरणाचं सॉकेट आणून देतो म्हटलंय. घेऊ का?

माल दणकट असतो, पण त्यांच्या सॉकेटची भोकं चौकोनी पिनांची. आपले प्लग बसणार नाहीत. स्क्रूचं अंतर ६०.३ मिमी, ते आपल्या मॉड्युलर बॉक्सला जुळत नाही. अमेरिकेच्या प्लेटचं माप आणि स्क्रूचे आटे तर आणखी वेगळे. इथेही एका कंपनीची प्लेट दुसरीच्या मॉड्यूलवर बसेल याची खात्री नसते, म्हणून सगळा संच एकाच कंपनीचा घ्या.

आयएसआय मार्क बघायचा तो कशावर?

आतल्या मालावर आधी. सॉकेटला आयएस १२९३, स्विचला आयएस ३८५४, वायरला आयएस ६९४. मार्कखाली सीएम/एल ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघता येतो. प्लेट कितीही जाड असली तरी आत बिनमार्कचं सॉकेट असेल तर वितळायचं ते वितळणारच.

हे सगळं मी स्वतः बसवू शकतो का?

मेन बंद करून त्याच मापाची प्लेट बदलणं वेगळं. नवा बॉक्स, नवी लाइन, अर्थचा खड्डा किंवा थ्री फेजचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि त्याच्याकडून चाचणीचा अहवाल लिहून घ्या. भार वाढवत असाल तर महावितरणकडे अर्ज करतानाही तो लागेल.

देखभाल किती?

महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. पावसाळ्याआधी मेन बंद करून प्रत्येक प्लेट उघडा, टर्मिनलचे स्क्रू आवळा, अर्थचं थिंबल हलवून बघा. मशीनजवळच्या प्लेटचे स्क्रू थरथरीने सैल होतात, त्यांना स्प्रिंग वॉशर घाला. आणि प्लेटमध्ये मॉड्यूलची एखादी खाच रिकामी असेल तर तिथे ब्लँक, म्हणजे कोरं झाकण बसवा. ग्राइंडरचा लोखंडी भुसा नेमका तिथूनच आत जातो.